लागलं का?

शिरोली एमआयडीसीतल्या ब्रेडच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून रुजू झालो, त्या पहाटे माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते मिस्त्री. नमस्कार नाही की नाव-गाव नाही. मी पीठ मळायच्या मशीनसमोर नवा शर्ट घालून उभा होतो. आजमगढचा एक पोरगा मैद्यानं भरलेलं भांडं ढकलत मशीनखाली आणत होता. त्यानं हँडल ओढलं, बटणाकडे हात नेला आणि परवानगीसाठी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावणार, एवढ्यात मागून आवाज आला, "लागलं का?"

"लावलं," मी म्हणालो. वास्तविक लावलं होतं पोरानं. पण पहिल्या दिवशी माणूस सगळीच जबाबदारी अंगावर घेतो.

"लावलं ते मी बी बघितलं. लागलं का?"

चौथीपर्यंतचं व्याकरण मला बऱ्यापैकी येत होतं, पण ह्या दोन शब्दांतला फरक कुठल्या बाईंनी शिकवला नव्हता. मी गप्प बसलो. मिस्त्री पुढे आले, वाकले, हँडलवर दोन बोटं ठेवून त्यांनी ते जरासं दाबलं. 'खट्' असा आवाज आला. "आता लागलं," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

ज्यांना ब्रेड फक्त मिसळीच्या बाजूनं ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. छोट्या बेकरीत मळायच्या मशीनचं भांडं मशीनलाच जोडलेलं असतं. मळून झालं की माणसं वाकून हातानं कणीक उपसतात. मोठ्या कारखान्यात हे जमत नाही. तिथं भांडं चाकांच्या गाड्यावर असतं. मशीन एक आणि भांडी तीन. एकात मळणं चाललेलं, दुसऱ्यातली कणीक फडकं पांघरून निवांत फुगतेय, तिसरं उचलणीवर चढून गोळे तोडायच्या डिव्हायडरमध्ये ओतलं जातंय. एका घाण्याला दोन पोती, म्हणजे शंभर किलो मैदा. त्यात साठेक लिटर पाणी, आणि चैत्र-वैशाखात त्यातलं बरंचसं बर्फाच्या रूपात, कारण कणीक मळता मळताच तापते आणि तापली की बिघडते. वर मीठ, यीस्ट, साखर, तेल. सगळं मिळून पावणेदोनशे किलोच्या घरातला गोळा.

ह्या गोळ्यात वरून मनगटाएवढा जाड, पिळाचा पोलादी हूक उतरतो आणि खालून भांडं फिरतं. पहिली तीन-चार मिनिटं सावकाश, तोवर सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग दुसरी गती पडते. कणीक चिवट होते, हुकाला घट्ट धरते आणि भांड्यालाही आपल्याबरोबर ओढायला बघते. त्या वेळी भांड्याचा गाडा जागेवर धरून ठेवतात ते एक निमुळता खुंटा, दोन आकडे आणि एक हँडल. ह्या सगळ्या मंडळींना मिळून आमच्याकडे 'खटका' म्हणायचे. हँडल खाली ओढलं की खुंटा गाड्याच्या भोकात शिरतो आणि आकडे गाड्याच्या कड्याला कवटाळतात. हँडल मधला बिंदू ओलांडून थोडं पुढं गेलं, की मग भांड्यानं कितीही ओढ घेतली तरी ते सुटत नाही, उलट आणखी घट्ट बसतं. हा जो 'थोडं पुढं' नावाचा अर्ध्या इंचाचा मुलूख आहे, तिथं मिस्त्रींचं राज्य होतं.

मिस्त्री फार उंच नव्हते, आणि सतत यंत्राच्या पोटाखाली बघून बघून जे होते त्यातलेही दोन-चार इंच कमी झाले असावेत. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी सायकलचा एक स्पोक. टोक ठोकून चपटं केलेलं. खटक्याच्या खाचेत कणीक जाऊन वाळली की ती सिमेंटला लाजवते, ती कोरून काढायला हा स्पोक. कोरून झाला की शर्टाला पुसून परत खिशात. एकदा जेवणाच्या सुट्टीत तोच स्पोक दातात घालताना मी त्यांना बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. काही गोष्टी सुपरवायझरनं बघू नयेत.

खटक्याचे आवाज त्यांना पाठ होते. 'खट्' म्हणजे बसलं. 'खटक्' म्हणजे बसलंय, पण स्प्रिंग थकलीय. 'ठक्' म्हणजे खुंटा भोकाच्या काठावर बसून आत डोकावतोय. आणि आवाजच आला नाही, तर कणीक. कारखान्यात ब्लोअर चालू, भट्टीचा घरघराट, ट्रॉल्यांचा खडखडाट, त्यात कुणीतरी मोबाइलवर भोजपुरी गाणी लावलेली. पण पन्नास फुटांवरून मिस्त्री मान वर करायचे. "ए, ठक् झालं. काड भायेर." पोरगं भांडं बाहेर काढायचं. नव्या पोरांना मराठी कळत नसे, पण हे कळायचं. आठवड्याभरात तेही आपापसांत म्हणायला लागायचे, "लगाया तो है, लगा क्या?"

तीन भांड्यांपैकी तीन नंबरचं त्यांचं विशेष दुखणं होतं. त्याच्या डाव्या पुढच्या चाकाचं रबर झिजलं होतं, त्यामुळे भांडं दोन-तीन मिलिमीटर खाली बसायचं. डोळ्याला ते दिसत नसे, खुंट्याला दिसायचं. मी रीतसर खरेदीचा कागद केला होता. मालक म्हणायचे, चालतंय की अजून. मिस्त्री चाकाखाली पत्र्याची पट्टी सारून खुंटा जुळवायचे आणि "पोरगी नांदवतोय मी ही," असं पुटपुटायचे.

मालकांचं आणि त्यांचं ह्याच विषयावर महिन्यातून एकदा वाजायचं. मालक हिशेबी. त्यांनी एकदा घड्याळ लावून बघितलं. दर घाण्याला मिस्त्रींच्या तपासणीत दीड मिनिट, दिवसाला तीस घाणे, म्हणजे पाऊण तास. "मिस्त्री, पाऊण तास म्हणजे दोन घाणे झाले की वो!"

"तेवढ्या येळात तुमी तीनदा च्या पिताय, त्यो कुटल्या खात्यात धरायचा?"

मालक हसले आणि चहा मागवला. मिस्त्रींना नोकरीवरून काढायची त्यांची हिंमत नव्हती, आणि इच्छाही नव्हती. पण पाऊण तासाची रुखरुख त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारी, चौथ्या पायरीवरून परत फिरून चौथ्यांदा ओढणारी. एसटीत बसल्यावर कंडक्टरला "दार लागलं न्हवं?" असं बार्शीपर्यंत विचारत राहणारी. ह्या लोकांचा घरात फार छळ होतो, म्हणजे त्यांचा नव्हे, इतरांचा. मिस्त्रींच्या घरी कुकरचं झाकण, गॅसचा रेग्युलेटर, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि सुनेच्या मोबाइलचं चार्जर ह्या सगळ्यांना तोच प्रश्न विचारला जायचा. काकूंनी सांगितलेली गोष्ट आहे: एकदा रात्री दोन वाजता उठून त्यांनी फ्रीजचं दार ढकललं, खट् झालं नाही, मग उघडून परत लावलं. फ्रीजच्या दाराला लोहचुंबक असतं, त्याला खट् नसतंच, हे काकूंनी सांगितल्यावर म्हणाले, "मग लागलं हे कळायचं कसं?" आणि बराच वेळ अंधारात फ्रीजसमोर उभे राहिले.

थोरल्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे इचलकरंजीला गेलो होतो. अक्षता पडल्या, सनई थांबली, जावयानं मंगळसूत्र घातलं. भटजींनी पुढचा मंत्र उचलायला श्वास घेतला, आणि त्या एका क्षणाच्या शांततेत वधुपित्याचा आवाज आला, "मळसूत्र पुरतं फिरलं का बगा."

व्याह्यांकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मंगळसूत्राच्या फिरकीला मळसूत्र म्हणतात हे खरं, आणि दोन आटे कमी फिरलं तर सोनं गटारात जातं हेही खरं; पण वेळ म्हणून काही असते. जावई मेकॅनिकल डिप्लोमावाला निघाला. त्यानं मान वाकवून बघितलं आणि सांगितलं, "अर्धा आटा राहिलाय." तेव्हापासून जावई मिस्त्रींचा लाडका.

मी थोडंफार वाचत असतो. पीठ मळायच्या विजेच्या यंत्राची कथा कुठंतरी वाचली, ती एका रात्रपाळीत त्यांना सांगितली. अमेरिकेत हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या एका इंजिनिअरनं एका बेकरीवाल्याला लोखंडी चमच्यानं कणीक घोटताना बघितलं आणि 1908 साली त्यानं विजेचं यंत्र काढलं. पुढे ही यंत्रं अमेरिकी आरमाराच्या जहाजांवर गेली. मला वाटलं, ते म्हणतील, वा, काय डोकं! मिस्त्री विडी न पेटवताच बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "जहाज तर हालतंय. भांडं कशानं धरलं हुतं?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्या मते मग मला ती गोष्टच माहीत नव्हती.

दुसऱ्यांदा मी कायदा वाचून दाखवला. कारखान्याच्या भिंतीवर कारखाने अधिनियम, 1948 चा गोषवारा लावलेला होता. तो कुणीच वाचत नसे. त्याचं कलम 21 सांगायचं, की यंत्राचे धोकादायक भाग आडोशानं सुरक्षित झाकलेले असावेत आणि ते भाग फिरत असताना तो आडोसा जागेवर असावा. मिस्त्रींनी दोनदा वाचायला लावलं. "जागेवर असावा," ते म्हणाले. "बसवावा न्हाई म्हनलं. असावा. शाना मानूस हुता ल्ह्येनारा." कायद्याला मिळालेली इतकी मनापासूनची दाद मी आजवर वकिलांकडूनही ऐकलेली नाही.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मिस्त्री तीन दिवस रजेवर जायचे. त्या वर्षीच्या यात्रेत दुसऱ्या रात्री ऑर्डर वाढीव होती. तीन नंबरचं भांडं नेहमीप्रमाणे खुंट्यावर अडत होतं. आमच्या जुन्या मशीनला एक लिमिट स्विच होता. हँडल पुरतं खाली आलं की तो दाबला जायचा आणि तेव्हाच मोटर सुरू व्हायची. ऑपरेटरनं वेळ वाचवला. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून त्यानं स्विच कायमचा दाबून बांधला. मशीनच्या समजुतीप्रमाणे सगळं लागलेलं होतं.

पहिल्या गतीत काही झालं नाही. दुसरी गती पडली आणि भांडं हलायला लागलं. आधी हळूहळू, वरातीत मागच्या रांगेतला माणूस नाचतो तसं, मग पुढच्या रांगेतल्यासारखं. खुंटा काठावरून निसटला, गाडा एका बाजूनं उचलला गेला, हूक भांड्याच्या कडेवर आदळला. आवाज असा झाला की पॅकिंगमधल्या बायका बाहेर पळाल्या. कुणीतरी लाल बटण ठोकलं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, हे त्या रात्रीचं नशीब. भांड्याची कड चेपली, हूक वाकला, आणि पावणेदोनशे किलो कणीक जमिनीवर सावकाश पसरत ड्रेनेजच्या जाळीकडे निघाली. यीस्ट घातलेलं होतं. आम्ही फावडी आणेपर्यंत ती फुगायला लागली होती.

मिस्त्री परत आले ते कपाळावर गुलाल घेऊनच. कुणाला रागावले नाहीत. ट्यूबचा तुकडा मागून घेतला, विश्वकर्म्याच्या फोटोखाली एक खिळा मारला आणि त्याला तो अडकवला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा मालकांनी त्या तुकड्यालाही एक झेंडूचं फूल वाहिलं. खटक्याच्या हँडलवरचा हार मात्र मिस्त्रींनी काढून घेतला, "दोरा आडकतोय त्येच्यात." आणि तीन नंबरचं चाक त्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आलं होतं. माझा खरेदीचा कागद तेव्हा सात महिन्यांचा होता.

मग नवं मशीन आलं. इटलीचं. हँडल नाही, खटका नाही. भांडं आत ढकललं की आतून तेलाच्या दाबानं आकडे निघतात, भांड्याला धरतात आणि पॅनेलवर हिरवा दिवा लागतो. आवाज म्हणाल तर मांजरानं उडी मारल्याएवढा. युरोपात पीठ मळायच्या मशीनांच्या सुरक्षिततेसाठी ईएन 453 नावाचं स्वतंत्र मानक आहे, हे मशीन त्यात बसतं, असं पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं. मालकांनी पेढे वाटले. पाऊण तास वाचणार होता.

मिस्त्रींची दशा बघवत नव्हती. ऐकायला काही उरलंच नव्हतं. ते मशीनला कान लावून उभे राहायचे, डॉक्टर छातीला लावतात तसे. हिरवा दिवा लागायचा. ते दिव्याकडे बघायचे, भांड्याकडे बघायचे, पुन्हा दिव्याकडे. "दिवा लागला," ते म्हणायचे. दिव्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी मशीन रिकामं होतं, भांडं बाहेर. मिस्त्री जेवण उरकून डबा हातात घेऊन मशीनखाली वाकले. डब्याचं स्टीलचं झाकण त्यांनी आतल्या एका काळ्या बटणासारख्या वस्तूसमोर धरलं. हिरवा दिवा लागला. झाकण काढलं, विझला. परत धरलं, लागला.

ती काळी वस्तू म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर. समोर धातू आला की तो इशारा देतो, हात लावावा लागत नाही. भांड्याचं कडं काय आणि डब्याचं झाकण काय, त्याला सारखंच. इंजिनिअर अजून कोल्हापुरातच होता, तांबडा-पांढरा रस्सा खाण्यासाठी मुक्काम वाढवला होता त्यानं. त्याला बोलावलं. मालक आले. मिस्त्रींनी सर्वांसमोर झाकणाचा प्रयोग पुन्हा केला. "हे भांडं आलंय म्हनून सांगतंय," ते म्हणाले. "आकड्यानं धरलंय का, ते कोन सांगतंय? ह्यो दिवा 'लावलं' म्हनतोय. 'लागलं' म्हनत न्हाई."

इंजिनिअर म्हणाला, त्यासाठी आकड्याच्या टोकाला दुसरा सेन्सर असतो. मग त्यानं टॉर्च घेऊन आत बघितलं. आकड्याच्या टोकाला सेन्सर बसवायची जागा होती, सेन्सर नव्हता. पॅनेल उघडलं. दुसऱ्या सेन्सरच्या दोन टोकांना एक बोटभर तार जोडून दिली होती. चाचणीपुरती लावली होती, काढायची राहिली, असं काहीतरी तो पुटपुटला. सेन्सर सुट्या भागांच्या खोक्यात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीची टाचणीसुद्धा न काढलेली.

मिस्त्रींनी तार हातात घेऊन उलटसुलट बघितली. "सायकलची ट्यूबच ही," म्हणाले, "तांब्याची."

इंजिनिअर प्रामाणिक निघाला, एवढं म्हणायला हवं. त्यानं सांगितलं, की मशीनला असं फसवणं जगभर इतकं चालतं, की आयएसओ 14119 नावाच्या मानकात ते टाळायचं कसं ह्याचाच विचार केलाय; हल्ली खुणेचे सेन्सर मिळतात, ते आपल्या जोडीदाराशिवाय दुसऱ्या कुठल्या धातूला ओळखच देत नाहीत. पंधरवड्यात तसा सेन्सर आकड्यावर बसला. मिस्त्रींनी आपलं झाकण, पाना, किल्ल्यांचा जुडगा, माझं घड्याळ, सगळं त्याच्यासमोर धरून बघितलं. दिवा ढिम्म. भांडं आत गेलं, आकड्यांनी धरलं, दिवा लागला. "पत्रिका बगून लगीन करतंय ह्ये," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी नव्या मशीनला मशीन म्हणायला सुरुवात केली. तोवर ते 'त्यो डबा' होता.

जगभर लोक स्विच बांधून ठेवतात, ह्या बातमीचा मात्र त्यांना फार आनंद झाला. आपला आजमगढचा ऑपरेटर एकटाच नव्हता म्हणून. त्याला बोलावून मुद्दाम सांगितलं, "इटलीत बी तुजा भाऊ हाय."

मिस्त्री निवृत्त होऊन आता वर्ष झालं. निरोपाला मालकांनी शाल-श्रीफळ दिलं आणि चांदीचं एक छोटं कुलूप दिलं. मिस्त्रींनी ते सगळ्यांसमोर लावलं, ओढलं, परत लावलं. टाळ्या वाजायच्या थांबल्यानंतरही ओढत होते. हल्ली ते हातकणंगल्याजवळ गावी असतात, शेतात बोअरची मोटर सांभाळतात.

परवा फोन केला होता. कणीक कशी येते, तीन नंबर कसं आहे, जावयाचं बरं चाललंय, अशा गप्पा झाल्या. ठेवताना म्हणाले, "तुमच्याकडनं कट करा सायेब. आनि झाला का बगा."

"करतो," म्हणालो, लाल खुणेवर बोट दाबलं आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला. मग मालकांच्या केबिनमध्ये गेलो. यंदाच्या पगारवाढीबद्दल त्यांच्याशी पाचेक मिनिटं बोललो, जरा मोकळेपणानंच बोललो. मालक उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या खिशातून आवाज आला, "न्हाई झाला."